रानगवत गुणिले गहू

डेक्कनच्या थांब्यावर धायरीच्या बसची वाट बघत होतो. पुढे एक बाई आणि लॅपटॉपची बॅग सांभाळत उभे असलेले त्यांचे यजमान.

"अहो, माझ्या स्लाइडवर 'रानगवत गुणिले गहू' असं होतं. ते उलटं कोणी केलं?"

"मीच. फॉन्ट नीट करताना दिसलं, म्हणून दुरुस्त केलं."

"दुरुस्त?"

"गहू बाप आहे म्हणाली होतीस ना? बापाचं नाव आधी असतं. शाळेत, रेशनकार्डावर, सगळीकडे."

"संकर लिहिताना आईचं आधी लिहितात! जगभर!"

"दोन शब्द तर इकडचे तिकडे झाले."

"पेशीद्रव्य आईकडून येतं हो! हरितलवकं त्यातच, तंतुकणिकाही त्यातच. म्हणजे उन्हात अन्न तयार करणं आणि श्वसन, दोन्ही आईच्या वळणावर. माझी रोपं अन्न कमी तयार करतात, कारण त्यांची आई रानगवत आहे. हे मी तावातावानं सांगतेय, आणि मागे पडद्यावर रानगवत बाप! विभागप्रमुख म्हणाले, 'बाई, तुमच्या गव्हाला हरितलवकं बापानं दिली वाटतं.' सगळा हॉल हसला."

"सांगायचं ना, नवऱ्यानं टाइप केलं म्हणून."

"सांगितलं. मग जास्तच हसले."

"बरं, चुकलं. स्पृहाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तेवढं बघ. छापायला द्यायचंय."

"'श्रीधर दामले यांची कन्या.' एवढंच?"

"पद्धत आहे ती."

"आणि मी कोण? वाफा?"