बाबांचा खांदा

खरं तर हे मी सांगायचं नाहीये — आईनं बजावलंय, 'खांद्याचं सांग नि मोकळी हो.' पण तुम्ही गटाच्या वीस वर्षांवर पुस्तिका काढताय, त्यात तेच छापून येणार ना — चेलोवादकानं खांद्याच्या दुखण्यामुळे गट सोडला? खांद्याला काही झालेलं नाही, मॅडम. कालच चेलोची ती माणसाएवढी पेटी पाठीवर घेऊन तीन जिने चढले बाबा, वर माझं दप्तरही. गटात चौघं — दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि बाबा — तुम्हाला काय सांगायचं म्हणा. पण बोलायचे बाबाच, आठवतंय? प्रत्येक रचनेआधी उठून, इथल्या भाषेत, मोडकीतोडकी का असेना — 'हे ज्यानं लिहिलं त्याची दाढ दुखत होती, आणि कण्हायचं काम माझ्याकडे दिलंय.' लोक हसायचे. आमच्या शाळेत कार्यक्रम झाला तेव्हाही हसले. आणि माझ्या रांगेतल्या एका मुलीनं त्यांच्या बोलण्याची नक्कल केली — एकीनंच. मी काय केलं? मीही हसले. शिवाय घरी आल्यावर — बाबा तारांवर बसलेली गजाची राळ पुसत होते — त्यांना म्हटलं, 'तुम्ही बोलू नका ना, सगळे तुमच्या भाषेला हसतात.' 'सगळे?' त्यांनी विचारलं. मी म्हटलं, 'सगळे.' ते बराच वेळ तीच तार पुसत राहिले.

पुढच्या कार्यक्रमात उठलेच नाहीत. मग तालमीतही गप्प — आधी एकेका स्वरावरून चौघं असे भांडायचे की खालच्या आजी काठीनं छत ठोकायच्या. व्हियोलावाले काका म्हणाले, 'अरे, भांड की माझ्याशी, नुसतं वाजवून गट होतो का?' बाबांनी स्वरलिपीचं पान उलटलं. सहा महिन्यांत खांदा 'दुखायला' लागला, नि गट सुटला. डॉक्टरला दाखवला? नाही. आईला वाटतं, वय झालं. मी अजून कुणाला — तुम्हालाच पहिल्यांदा. आणि आता बाहेरच्यांशी बोलायला ते मलाच बसवतात. म्हणून तर आज मी शाळा बुडवून घरी — तुम्ही विचारणार, ते मला आमच्या भाषेत सांगणार, मी तुम्हाला. म्हणजे आत गेल्यावर खांद्याचं मलाच सांगावं लागणार, माझ्याच तोंडानं, त्यांच्यासमोर बसून. त्यापेक्षा असं करा ना — मला विचारूच नका, थेट त्यांच्याकडे बघून विचारा, आणि ते अडखळले तरी माझ्याकडे वळू नका, थोडं — हो बाबा, आले — थोडं थांबा, त्यांना शब्द सापडायला वेळ लागतो, पण एकदा सापडला की —