पन्नास किलोचं पोतं

रिक्षाचं पंक्चर निघेपर्यंत आजी गॅरेजच्या बाकावर टेकल्या. गुडघे गेले होते, कान मात्र धडधाकट होते. शेजारी एक जोडपं आपल्या जुन्या मोटरसायकलवरून भांडत होतं.

“अहो, तीस वर्षांची गाडी! तिचे पुढचे शॉकअप करायचे म्हणजे म्हातारीला नट्टापट्टा.”

“अगं, नुसत्या स्प्रिंगा, सील आणि तेल.”

“माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हा नाही इतकी सेवा केलीत!”

“काकू, तुमच्या पाठीसाठीच चाललंय हे,” मेकॅनिक म्हणाला. “खड्ड्यात गाडी पुढून आपटायला नको, म्हणून किती कडक स्प्रिंग लागेल ते बघायला काका मागे पोतं बांधून चकरा मारतायत. तुमच्या वजनाचं, पन्नास किलोचं.”

“पन्नास? अहो, पन्नास मी लग्नात होते!”

“मला अजून तेवढीच वाटतेस.”

“लाडीगोडी पुरे. चुकीच्या वजनावर स्प्रिंग बसवली तर काय होईल रे?”

“आपटेल, काकू. खरा आकडा सांगा.”

“इकडे ये. अडुसष्ट.”

“अडुसष्ट?”

“हळू! त्या बाई ऐकतायत.”

आजींनी लगेच छताकडे पाहिलं.

“मग काका, मोठं पोतं आणू?”

“पोतं कशाला? सोडा ते खाली. मी बसते.”