रापणीचा तुकडा

बूढापाऱ्यात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर दोघं औषध घालून डोळे मिटून बसली होती. एक मालवणकडचे म्हातारे आणि शेजारी इथली एक बाई.

"समुद्र सोडून इथं काहून आले काकाजी?"

"मुलाची नोकरी इथली. तेलीबांध्याला सातव्या मजल्यावर राहतो आम्ही."

"तिकडं मासे धरत होते?"

"रापण ओढायचो."

"आमचे ढीमर तं फेकजाळं घेऊन एकटेच जातेत."

"त्याला आम्ही पाग म्हणतो. तो एकट्याचा. कांडाळीच्या जाळ्याला होडी नि दोघं पुरतात. रापणीला पन्नास माणसं लागतात, बाय. घराघराचा तुकडा जोडून एकच जाळं करायचं, होडीनं समुद्रात सोडायचं नि किनाऱ्यावरून सगळ्यांनी ओढायचं."

"मंग बंद काहून केलं?"

"दिवे लावलेल्या मोठ्या बोटी मासा बाहेर खोल पाण्यातच उचलतात. पोरं शहरांत गेली. ओढायला नऊ म्हातारे उरलो. शेवटी जोड उसवले, ज्याचा तुकडा त्यानं घरी नेला."

"तुमचा कुठं हाय?"

"सुनेनं गॅलरीला बांधलाय. कबुतरं येतात म्हणून."

"चांगलं झालं ना. कामी तं आला."

"परवा दुपारी त्यात एका कबुतराचा पाय अडकला. जाळं हललं, नि मी उठून हाका घातल्या."

"कोणाले?"

"ओढणाऱ्यांना. एकेकाचं नाव घेऊन."

"मंग? आलं कोणी?"

"सून आली. कात्री घेऊन."