मिस पलीकडकर

...आणि एवढं सगळं करून वर म्हणायचं काय, तर 'गंमत हो, दुसरं काय!' तुम्हाला सांगतो, या एका वाक्याखाली आमच्या जळगावात काय काय झाकलं गेलंय त्याला सुमार नाही. कुणाचं नाव बिघडवा, कुणाला रडवा, आणि ते माणूस चिडलं की दोन्ही हात वर करून मोकळे... गंमत हो! पण त्या निंबाचं काय झालं ते ऐका, म्हणजे तुम्हीच सांगाल की गंमत कुठे संपली आणि कुठे... नाही, थांबा, आधी तो रस्ता सांगतो. रस्त्याशिवाय काही कळायचं नाही.

रस्ता तो केवढा? दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीने मातीत उतरायचं, एवढा. सदुसष्ट-अडुसष्ट सालची गोष्ट. त्या रस्त्याच्या एका अंगाला एक कॉलेज, दुसऱ्या अंगाला दुसरं. दोन्हींना चांगली लांबलचक नावं होती, देणगीदाराच्या वडिलांची वगैरे, पण ती पाटीपुरती. निंबा आणि त्याची दोस्तमंडळी स्वतःला म्हणायची अलीकडचे आणि समोरच्यांना पलीकडचे. समोरून बघणाऱ्याला आपणच पलीकडचे दिसत असू, हे काही कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या वयाच्या डोक्यात इतकं मावतं का?

अलीकडे आर्ट्स आणि कॉमर्स. सावद्याची, रावेरची, नशिराबादची शेतकऱ्यांची पोरं एसटीने यायची, डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा. पलीकडे सायन्स. तिथे म्हणे वकिलांची, डॉक्टरांची, मारवाडी दुकानदारांची मुलं... म्हणे हं, आत जाऊन बघायला कोण गेलं होतं? सकाळची एसटी थांब्याला लागली की पलीकडच्या कठड्यावरून आवाज यायचा, 'केळीचा घड उतरला रे!' की अलीकडून उत्तर, 'सरका, इस्त्री मोडेल!' पलीकडच्यांच्या मते अलीकडचा मुलगा पेपरातसुद्धा बैल हाकल्यासारखं पेन हाकतो. अलीकडच्यांच्या मते पलीकडच्या मुलीला गाय कोणती आणि म्हैस कोणती हे चित्र काढून दाखवावं लागतं. दोघांचंही मत एकदम पक्कं. आणि बरं वाटायचं हो, खोटं कशाला बोला... समोर कुणीतरी आपल्यापेक्षा हलकं असलं की टपरीवरचा चहासुद्धा गोड लागतो.

तर निंबा हा नशिराबादचा. वडील, म्हणजे आबा, शेतीवाले आणि चारचौघांत उठबस असलेले, आई भिकुबाई, आणि धाकटी बहीण प्रमिला. अभ्यासात निंबा बेताचाच, पण नक्कल विचारू नका! कंडक्टर काय, तलाठी काय, प्राचार्य बोलायच्या आधी खोकायचे तो खोकला काय... डोळे मिटून ऐकलं तर आपण उठून उभेच राहू. हा टपरीवर बसून समोरचं फाटक न्याहाळायचा, आणि त्याला दिसलं की पलीकडच्या मुली बाहेर पडतात त्या नाकाला रुमाल लावून. झालं! बघा म्हणे, आपल्या अंगावरून गेलेल्या वाऱ्याचाही वास येतो यांना. त्या एका रुमालातून निंबाने अख्खी पोरगी उभी केली आणि तिचं नाव ठेवलं मिस पलीकडकर.

गॅदरिंगला केली पहिल्यांदा. उपरण्याचा पदर, नाकाला रुमाल, करंगळी वर. शिकलेली मिस पलीकडकर लग्न होऊन खेड्यात येते, सासू तिला वाडीत नेते आणि म्हणते, सूनबाई, ही भरताची वांगी, तोड चार. तर ही रुमालातून, नाजूक आवाजात... 'अय्या, भरताची? मग त्याला विचारलंत का तोडायच्या आधी?'

मंडप कोसळायचा तेवढा राहिला. प्राचार्य हसले ते खोकला विसरून. पुढे महिनाभर बाजारात वांगी घेताना लोक भरतची परवानगी विचारायला लागले. निंबाला लग्नात बोलावणं, जत्रेत बोलावणं, कबड्डीच्या सामन्यात मध्यंतराला बोलावणं. मग तर त्याचीही गरज उरली नाही, ज्याला त्याला ती यायला लागली, कुणी तिला छत्री दिली, कुणी कुत्रं दिलं, आणि मिस पलीकडकर एसटीत बसून निघाली की हो सगळ्या खानदेशात. निंबाला काय अभिमान! समोरच्या मुली फाटकातून निघाल्या की टपरीवरून कुणीतरी ओरडायचं, 'भरतला विचारलं का?' त्या खाली मान घालून जायच्या. कुणी म्हणालं की जाऊ दे रे, त्यांना लागत असेल, तर निंबाच म्हणायचा, अरे गंमत, दुसरं काय!

आणि त्याच उन्हाळ्यात प्रमिला एस.एस.सी.ला पहिल्या वर्गात पास झाली.

शाळेच्या मोठ्या बाई, मंदाबाई, स्वतः घरी आल्या आणि आबांना म्हणाल्या की ही मुलगी सायन्सला घाला, हिचं डोकं वाया घालवू नका. आबा शिक्षणाच्या बाबतीत हळवे, लगेच कबूल. आता सायन्स कुठे? पलीकडे! निंबाने ताट बाजूला सारलं. तो आबांना म्हणाला की आर्ट्सही वाईट नाही. आबांनी विचारलं, का रे, तिकडे काय वाईट आहे? आता काय सांगणार? तिकडे काय वाईट आहे हे सगळ्या जिल्ह्याला तोंडपाठ करून दिलेल्या माणसाला त्या दिवशी एक कारण सापडेना.

मग रोज सकाळी भाऊ-बहीण एकाच एसटीने यायचे, एकाच थांब्यावर उतरायचे, आणि तो डावीकडे वळायचा, ती उजवीकडे. टपरीवरची मंडळी काय सोडतात? 'काय निंबा, घरी वांगी तोडताना आता विचारावं लागतं का?' निंबा हसायचा. हसणं भागच होतं, नाहीतर काय म्हणायचं? ही गंमत नाही, असं? त्यानेच तर शिकवली होती.

प्रमिलाने एका शब्दाने त्याला कधी टोकलं नाही. फक्त एकदा एसटीत खिडकीबाहेर बघत तिने विचारलं, "भाऊ, तू कधी आत आलायस का रे आमच्या कॉलेजात?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मांडीवरचं पुस्तक उघडलं. तुम्हाला सांगतो, शिवी परवडली असती.

पुढे ती बी.एस्सी.च्या वर्गात गेली आणि साक्रीकडचं एक स्थळ आलं. मुलगा शेतकी खात्यात, धुळ्याला नोकरी, दिसायला नीटस. मुलगी बघायला तो, त्याचे वडील आणि त्याची आत्या सुंदरबाई, अशी मंडळी आली. आणि घरात खरा शब्द आत्याबाईंचा, हे त्या पाट सरकवून बसल्या तेव्हाच सगळ्यांना कळलं. त्यांनी प्रमिलाच्या हातची भाकरी खाल्ली, पातळ पापुद्रा बघून मान डोलावली, शेव-भाजी दोनदा घेतली. भिकुबाईंचा जीव भांड्यात पडला. आणि मग बडीशेप चघळता चघळता आत्याबाईंनी विचारलं, कॉलेज कोणतं म्हणालात? आबांनी सांगितलं. समोरचं का, रस्त्यापलीकडचं? हो, तेच.

आत्याबाई हसायलाच लागल्या. आणि हसता हसता काय करावं त्यांनी? पदर नाकाला लावला, करंगळी वर केली आणि म्हणाल्या, 'अय्या, भरताची?'

निंबा भिंतीला टेकून बसला होता, तो आणखी टेकला. भरतला विचारण्यापासून ते त्याने कधी न लिहिलेल्या कुत्र्यापर्यंत आत्याबाईंनी सगळं केलं, आणि झकास केलं हो, हात कसा झटकायचा, कुठे थांबायचं, सगळं. मुलाचे वडील हसले. आबा पाहुण्यांच्या मानासाठी हसले. आतल्या दाराशी प्रमिला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती नाही हसली. मग आत्याबाईंनी पदर खाली घेतला आणि आबांना सरळ सांगून टाकलं, "पोर गुणनी शे, भाऊ. पन पलीकडनी शे."

तेव्हा निंबा उठला. म्हणाला, "अक्का, अशी कुणी मुलगी नाही. ती मी बनवली आहे. मीच केली पहिल्यांदा."

आत्याबाईंनी त्याला खालून वर बघितलं. त्यांचा विश्वासच बसेना! म्हणाल्या, "काहीतरीच! मना धाकला भाचानी देखेल शे तिले." मुलाच्या धाकट्या भावाने म्हणे डोळ्यांनी बघितली होती, जळगावच्या थांब्यावर, कुत्र्यासकट. आता आली का पंचाईत? निंबाने शप्पथ घेतली, तारीख सांगितली, गॅदरिंग सांगितलं. शेवटी म्हणाला, करून दाखवतो. आणि घेतलं की हो उपरणं, लावला रुमाल, आणि बहिणीच्या डोळ्यांदेखत, तिला बघायला आलेल्या माणसांपुढे त्याने मिस पलीकडकर केली. आवाज चिरकला. करंगळी वर करायची राहूनच गेली. 'त्याला विचारलंत का' इथे शब्दच फुटेना. एकही माणूस हसला नाही.

आत्याबाई कनवाळूपणे म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, भाऊ. तुले जमत नही. आमना साक्रीना पोऱ्या भारी करस."

पाहुणे गेले. आबा बराच वेळ ओसरीवर अडकित्त्याशी खेळत बसले आणि मग म्हणाले, सोमवारपासून प्रमिलाने घरी राहावं, झालं तेवढं सायन्स पुरे. निंबाने पुन्हा तेच सांगितलं, सगळं माझं आहे आबा, तिचं काही नाही, ती पोरगी खरी नाहीच. आबा म्हणाले, "लोकांना खरी वाटते ना? मग झाली खरी." याच्यावर काय बोलणार? बरोबरच होतं ते.

बोलली ती प्रमिला. ओसरीवर येऊन आबांच्या पायाशी बसली. "आबा, एकदा कॉलेज बघून या," ती म्हणाली, "मग ठेवा मला घरी. भाऊला पण घेऊन या. त्याने पण बघितलं नाहीये."

अशा तऱ्हेने निंबाने तो रस्ता ओलांडला. रोज ज्याच्याकडे बघून चहा प्यायला त्या फाटकातून पहिल्यांदा आत गेला, वडिलांच्या मागे मागे. प्रयोगशाळेच्या दारात पाऊल ठेवलं आणि असा भपकारा आला... सडक्या अंड्यांची पाटी उलटी केली तर काय येईल तसा! आबांनी झटकन उपरणं नाकाला लावलं. आत सगळ्या मुला-मुलींच्या नाकाला रुमाल. प्रमिला धावत आली, म्हणाली की हा गॅस आम्हालाच करावा लागतो, आज त्याचाच तास आहे, तासभर डोकं दुखतं, बाहेर पडल्यावरसुद्धा वास जात नाही. तिने गॅसचं नाव सांगितलं, पण निंबाला ऐकू आलं नाही. तो आबांच्या उपरण्याकडे बघत होता. करंगळीसुद्धा वर होती हो आबांची, घाईत गेली असेल.

प्रमिलाच्या शेजारच्या टेबलावर चंद्रकांता होती, गावातल्या कापडवाल्या शेठची मुलगी, तिने आबांना वाकून नमस्कार केला. आबांनी, काय सुचलं त्यांना कोण जाणे, तिला विचारलं, भाकरी येते का गं? ती म्हणाली, बाजरीची येते, कळण्याची प्रमिला शिकवणार आहे. तिच्यापुढची सावद्याच्या केळीवाल्याची. कोपऱ्यातला मुलगा नशिराबादचाच निघाला, आबांच्या ओळखीतला. आबा सगळी खोली फिरले, खोकत खोकत, आणि परत एसटीत बसल्यावर म्हणाले, तिथे तर आपल्यासारखीच पोरं दिसतात रे. अर्धा तास निंबा त्या खोलीत एक मुलगी शोधत होता. नव्हती ती.

प्रमिलाचं कॉलेज सुरू राहिलं. निंबाने नक्कल सोडली. पण मिस पलीकडकर सोडते का? एसटीत मागच्या बाकावर ती, लग्नाच्या पंगतीत ती, टपरीवर ती. सुरुवातीला तो लोकांना अडवायचा, सांगायचा की अहो, ती अशी नसते, तो रुमाल गॅसचा असतो. लोक म्हणायचे, असू दे रे, गंमत आहे! आणि तू केव्हापासून पलीकडचा झालास? आपल्या हातून सुटलेलं मांजरसुद्धा बोलावलं तर कधीतरी मागे वळतं, ही वळेना.

बरं, सगळं चांगलं झालं, तशी काळजी करू नका. प्रमिला बी.एस्सी. झाली, धुळ्याला एका शाळेत सायन्स शिकवायला लागली, तिथेच एका सरळ माणसाशी लग्न झालं. निंबा जळगावात सोसायटीत कारकून. चार-पाच वर्षांनी एकदा तो तिच्याकडे गेला होता. संध्याकाळी तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका चहाला आलेल्या. त्यांच्या शाळेला लागूनच दुसरी शाळा, मध्ये एक भिंत, आणि त्या भिंतीपलीकडच्या एक बाई म्हणे अशा... 'प्रमिलाबाई, दाखवा ना दाखवा!' प्रमिला नको नको म्हणाली आणि उठली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, खडू धरायची बोटं केली, मान तिरकी केली... आणि तुम्हाला सांगतो, निंबाच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. काय नजर होती! काय थांबणं! त्याच्यापेक्षा सरस. घरात एवढी वर्षं होती आणि कधी कळलं नाही त्याला.

दोघी गेल्या. प्रमिला कप उचलत होती, अजून ओठांवर हसू. निंबाने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "त्या बाईंना एखादा भाऊ आहे का गं?"

प्रमिलाने कप परत खाली ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "त्याच शाळेत आहे. माझी नक्कल तोच करतो."

गंमत हो. दुसरं काय.