स्क्रीनवरचं नाव

विद्यापीठाच्या नामांतराच्या आधीची गोष्ट हाय. परभणीला आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर भास्करराव बसायचे. ते अचानक वारले अन् त्यांच्या जागी त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना घेतलं. पुढं नवा कॉम्प्युटर आला. जुन्यातलं लागंल तेवढंच फ्लॉपीवरून नव्यात घ्यायचं होतं. वहिनी एकेक सांगत गेल्या, मी घेत गेलो. शेवटी विचारलं, "चालू केलं की भास्कररावांचं नाव येतंय. ते ठेवायचं ना?"



"नका ठेवू, भाऊजी. रोज सकाळी ते नाव दिसलं की हात चालत न्हाईत. आता माझं टाका."

"सुमन भास्कर टाकू?"

"न्हाई. नुसतं सुमन."

मी टाकलं. वहिनींनी ते वाचलं, खुर्ची पुढं ओढली अन् कामाला लागल्या.