सूर्य फुकट आहे, दाजी!

नाही नाही, मला आधी हे सांगा, फुकट कशाला म्हणतात? जे विनासायास हातात पडतं त्याला ना? की जे डोक्यावर लख्ख दिसतंय, टाळू भाजतंय, नाकाची सालं काढतंय, पण फोनमध्ये चार्जिंगचा एक टक्का म्हणून उतरायला तयार नाही, त्यालाही फुकटच म्हणायचं? आमचा मेहुणा म्हणतो! "सूर्य फुकट आहे, दाजी!" बायकोचा धाकटा भाऊ हा. धंदा चष्म्यांचा. अख्ख्या बाजाराला जवळचं-लांबचं दाखवतो आणि याला स्वतःला पुढच्या वळणापलीकडचं दिसत नाही!

तुम्हाला सांगतो, मी वायरमन. होतो, आता रिटायर. एकतीस वर्षं खांबांवर काढली. वादळात चढलो, पावसात चढलो, एकदा तर वर कावळ्याचं घरटं आणि खाली कुत्रं, अशा अवस्थेत दीड तास काढला... ते जाऊ द्या. मुद्दा काय, की मी गल्ल्याच्या गल्ल्या उजळवल्या, आणि मला, मला, एका फोनात चौदा टक्के टिकवता आले नाहीत! संताप होणार नाही तर काय होणार?

हे सगळं घडलं सायकलच्या प्रवासात. आता तुम्ही विचाराल, या वयात सायकल कशाला? डॉक्टरांमुळे! रिटायर व्हायला दोन महिने असताना मी खांबावरून पडलो. दोन बरगड्या, एक गुडघा. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्यासाठी सायकल चालवा." ते म्हणाले होते रोज दहा मिनिटं. पण आमच्या ऑफिसात तक्रारवहीच्या वर एक कॅलेंडर होतं. वर्ष कधीच उलटून गेलं होतं, पण कोणी काढलं नाही, कारण त्यावर एका दीपगृहाचा फोटो होता. खडक, समुद्र, आणि वर तो दिवा. लोक खाली तक्रार लिहायचे, "तीन दिवस अंधार आहे," आणि मी वर बघायचो तो दिवा. बावीस वर्षं बघितला. म्हटलं, एकदा जाऊन हात लावायचा. तीनशे किलोमीटर, पश्चिमेला, सरळ समुद्रापर्यंत. रोज साठ, पाच दिवस. बस, एवढंच मागितलं हो आयुष्याकडे.

बायको नाही म्हणाली. दोन दिवस नाही, तीन दिवस नाही, चौथ्या दिवशी म्हणाली, "जा. पण रोज संध्याकाळी सहाला फोन. ज्या दिवशी सहाला फोन आला नाही, त्या दिवशी दीपगृह संपलं. मी गाडी घेऊन येणार, सायकलीसकट उचलून आणणार." आणि ती बोलते ते करते, हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच शिकलोय. तिचंही चूक नाही. मी पडलो ना, तेव्हा खिशातला फोन फुटला. सहा तास ती लावत होती. सहा तास 'बंद आहे'. शेवटी दवाखान्यातल्या नर्सकडून तिला कळलं. तेव्हापासून माझा फोन बंद लागला की ती पुन्हा पुन्हा लावतच राहते. पाठवेन तर एकट्याला नाही, म्हणाली. आणि सोबत कोण? तर हा! चष्मेवाला!

हा सायकलवाल्यांच्या कुठल्याशा ग्रुपात आहे. निघायच्या आदल्या दिवशी एक घडीचं सोलर पॅनेल घेऊन आला. काळं, चकचकीत, उघडलं की टेबलावर पसरायच्या चटईएवढं. मागच्या कॅरियरवर बांधायचं, वायर फोनला, आपण पेडल मारायचं, चार्जिंग आपोआप. "सूर्य फुकट आहे, दाजी!" म्हटलं, अरे बाबा, मी वीजखात्यातला माणूस, एक साधा चार्जर ठेवू दे बरोबर. तर म्हणाला, "वजन, दाजी, वजन!" वजन कमी करायला याने टूथब्रशचा दांडा कापला होता! दांडा! मी मुकाट्याने चार्जर पिशवीच्या तळाला ठेवला. पहिल्या रात्री पिशवी उघडून बघतो तर चार्जर गायब. याने काढून घरी माझ्या उशीखाली ठेवलेला! आणि वर ऐटीत सांगतो, "ग्रुपवर जाहीर केलंय, तीनशे किलोमीटर, प्लगला हात न लावता, निव्वळ उन्हावर." जाहीर याने केलं आणि हात माझे बांधले गेले!

बरं, पहिल्या दिवशी रस्ता कसा? दोन्ही बाजूंनी झाडं. एरवी माणूस म्हणेल, वा, काय सावली! आणि मी झाडागणिक शिव्या घालतोय! कारण काय होतं, ऊन आलं की फोन, "टिंग!" चार्जिंग सुरू, म्हणून पडदा उजळतो. सावली आली की बंद. पुन्हा ऊन, "टिंग!" पुन्हा पडदा उजळतो. दर झाडाला टिंग! देवळातला घंटानाद बरा हो! संध्याकाळी बघतो तर सकाळपेक्षा अकरा टक्के कमी. म्हणजे चार्जिंग होतंय हे सांगण्यातच फोनाचं चार्जिंग उतरलं! आमच्या खात्यातही इतकी वीज वाया जात नव्हती, आणि ते खातं मी आतून बघितलंय!

दुसऱ्या दिवशी उघडं माळरान. झाड नाही, झुडूप नाही. म्हटलं, आता टक्का कसा चढत नाही ते बघतो! तर फोन तापला. पडद्यावर पाटी, "फोन गरम झाला आहे, चार्जिंग थांबवले आहे." घ्या! ऊन नाही तर चार्जिंग नाही, ऊन आहे तर फोनाला ऊन सोसत नाही! मी त्याच्यावर माझी टोपी घातली. टोपी फोनाला आणि टक्कल उन्हाला. आणि हा पुढून ओरडतोय, "फुकट आहे, दाजी, फुकट!"

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही एका लॉजवर उतरलो. रस्त्याला लागून, खाली किराणा, वर चार खोल्या. फोनात नऊ टक्के. सहाला फोन लावला, लागला. बायकोला लॉजचं नाव सांगितलं, खुणा सांगितल्या, पेट्रोल पंपासमोर म्हटलं, सगळं नीट सांगितलं... हे लक्षात ठेवा. लॉजवाला भला माणूस. आपणहून म्हणाला, "काका, तिथे प्लग आहे, चार्जिंगला लावा की." मी हात पुढे केला तोच हा मधे, "नको! आम्ही सूर्यावर आहोत!" लॉजवाल्याने आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि भाडं आगाऊ मागितलं.

आणि मग आला चौथा दिवस! सकाळी झ्याक चाललं होतं. ऊन पाठीवर, पॅनेल पाठीमागे, टक्के चढतायत. दुपारी जेवून निघालो, एक वाजता, दोन वाजता, आणि टक्का हलेना. उतरायलाच लागला! आता तुम्ही हुशार आहात, तुमच्या लक्षात आलं असेल. मी एकतीस वर्षं विजेत काढली, माझ्या लक्षात नाही आलं! अहो, आम्ही पश्चिमेला चाललेलो. दुपारनंतर सूर्य पुढे. आणि पुढून ऊन आलं की माझी सावली कुठे पडणार? मागे, पॅनेलवर! मीच! हा एवढा देह मी पॅनेलवर छत्रीसारखा धरून चाललेलो!

मेहुणा सायकल थांबवून विचारात पडला. हा विचारात पडला की मला धडकीच भरते. म्हणाला, "दाजी, सहाला तीन तास आहेत, फोनात पाच टक्के. आपण थोडं उलटं जाऊ. म्हणजे ऊन पाठीवर येईल." म्हटलं, अरे, पण उलटं म्हणजे आपण आलो तिकडेच की! "थोडंसंच, दाजी! दहा टक्के झाले की वळू." तुम्ही म्हणाल, अहो, मग थांबा की! पॅनेल उन्हात ठेवा, झाडाखाली बसा, चहा प्या! हेच! हेच मी आता रोज भिंतीला सांगतो! तेव्हा कोणाला सुचलं? हा म्हणाला, "थांबलं की वेळ वाया जातो, दाजी," आणि मला ते पटलं! वेळ वाया जाऊ नये म्हणून आम्ही आलो त्या रस्त्याने परत निघालो!

आणि काय सांगू, टक्के चढायला लागले! सहा... सात... आठ... माणसाची हाव बघा, दहा झाल्यावर हा म्हणाला वळू, तर मीच म्हटलं, अजून एक होऊ दे. अकरा झाले. बारा. उतारही होता. वारा पाठीवर, ऊन पाठीवर, मी चक्क शीळ घालत होतो! चौदा टक्के झाले आणि मान वर करून बघतो तर समोर पेट्रोल पंप. आणि पंपासमोर लॉज. आणि लॉजच्या पायरीवर तो लॉजवाला. म्हणतो, "काका, काही विसरलं का?"

दिवसभर पेडल मारून मी जिथून निघालो तिथेच! बरं, असू द्या, म्हटलं, फोन तर आहे. सहाला पाच कमी. पायरीवर टेकलो, घाम पुसला, तोंड धुवायला म्हणून नळावर गेलो, दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं! परत येतो तर हा माझा फोन घेऊन स्वतःचा व्हिडिओ काढतोय! याचा फोन नकाशा बघून बघून सकाळीच मेलेला. "मित्रांनो, हे बघा, निव्वळ सूर्याच्या जोरावर चौदा टक्के!" आणि तो व्हिडिओ ग्रुपवर पाठवतोय! मी ओरडलो, अरे थांब! तेरा... नऊ... चार... जुनी बॅटरी हो ती, तिला कसलं सोसतंय! सहाच्या ठोक्याला पडदा काळा. व्हिडिओ तेवढा पोचला. चाळीस जणांनी अंगठे दाखवले, असं नंतर कळलं.

मी त्याला काय काय बोललो ते इथे सांगत नाही, बायामाणसं बसलीयत. शपथ गेली खड्ड्यात, म्हणून लॉजवाल्याकडे चार्जर मागितला. त्याने लगेच काढून दिला, म्हणाला, "पण काका, लाइट गेलीय." कधी येईल? "येईल, येईल." म्हटलं, वायरमनला फोन केलात? म्हणाला, "केला हो. उचलत नाही तो." एकतीस वर्षं मी जगाला 'येईल, येईल' सांगितलं. ते सगळं व्याजासकट माझ्या पदरात पडलं.

मग लॉजवाला म्हणाला, माझ्या फोनवरून लावा की घरी. मी त्याचा फोन हातात घेतला आणि... नंबर? तुम्हाला तुमच्या बायकोचा पाठ आहे? खरं सांगा! मला बाजारपेठेतल्या एकशे बारा खांबांचे नंबर आजही झोपेत म्हणता येतात. बायकोचा नाही. मेहुण्याला म्हटलं, तुझी सख्खी बहीण आहे, सांग! तो म्हणतो, "दाजी, तो फोनमध्येच आहे." रात्रभर लाइट आली नाही आणि मला झोप आली नाही. तो रागाचा भाग वेगळा. पण ती तिकडे खिडकीत उभी असणार, पुन्हा तेच 'बंद आहे' ऐकत असणार, हे मला इथून दिसत होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. मेहुणा घोरत होता.

सकाळी साडेआठला लॉजसमोर आमची गाडी थांबली. तीन दिवसांचं अंतर तिने तीन तासांत कापलेलं. थेट दारात! शोधावं लागलंच नाही, कारण मी पत्ता दिला होता तिथेच सापडलो! पुढे गेलो असतो तर निदान तिला सापडायला दिवस गेला असता, तेवढ्यात दीपगृह तरी गाठलं असतं! गाडीतून उतरली, माझे हात बघितले, पाय बघितले, गुडघा दाबून बघितला. "पडला नाहीत ना?" एवढंच. नाही म्हटलं. मग पदर डोळ्याला लावला, आणि मग जी सुरू झाली... आणि त्याच क्षणी वरच्या खोलीतला पंखा गरगर फिरायला लागला. लाइट आली!

सायकली टपावर बांधल्या. माझा फोन तिने स्वतः गाडीच्या चार्जरला लावला. पाच मिनिटांत चालू झाला, आणि मग, "टिंग!" तिचा मिस्ड कॉल, काल सहाचा. "टिंग!" सहा वाजून दोनचा. "टिंग! टिंग! टिंग!" सत्तावन्न वेळा लावला होता हो तिने. सत्तावन्न! सगळे ओळीने वाजले आणि आम्ही दोघं समोर बघत ऐकत बसलो. मला रडू यायला लागलं, मी म्हटलं ऊन लागतंय डोळ्यांवर. मागे मेहुणा मागच्या काचेशी पॅनेल पसरून बसलेला. म्हणाला, "ताई, ऊन पुढून येतंय. गाडी उलटी वळवलीस ना, तर मागून मस्त..." उलटी म्हणजे दीपगृहाकडे! पहिल्यांदा आयुष्यात तो शहाण्यासारखं बोलला, आणि ती म्हणाली, "तू तोंड उघडलंस तर तुलाही टपावर बांधीन."

संध्याकाळी घरी. मी हॉलमध्ये, ती स्वयंपाकघरात भाजी चिरतेय. बोलणं बंद. सहा वाजले. काय झालं माहीत नाही, सवय म्हणा, मी फोन उचलला आणि लावला तिला. आत वाजला. मला वाटलं कापेल. उचलला. म्हणाली, "हं. कुठवर आलात?"

म्हटलं, "सोफ्यापर्यंत."

"बरे आहात ना?"

"बराय."

"चार्जिंग किती आहे?"

बघितलं, म्हटलं, "शंभर टक्के!"

"मग ठेवा आता," म्हणाली, "उगाच उतरेल."