शेवटचा राक्षस

सोबा नूडल्सच्या दुकानासमोरच्या रांगेत पुढे आपल्याच गेम-कंपनीची दोन पोरं दिसली, तसे मालक त्सुरुओका मागेच थबकले.

"गेमच्या शेवटी टोपणनावाऐवजी खरं नाव टाकलंस, मित्सुगु?"

"हळू बोल ना!"

"मालक कच्चा खातील. खरी नावं दिसली की मोठ्या कंपन्या माणसं पळवतात."

"मला कोण पळवतंय! आईला दाखवायचं होतं."

"पण नावं गेम जिंकल्यावर येतात. म्हातारी जिंकणार?"

"आपल्या जुन्या गेमवर सराव करतेय. पहिल्याच पुलावरून पडते."

"मग शेवटचा राक्षस एवढा भयंकर कशाला केलास, गाढवा?"

"तेव्हा आई कुठे होती डोक्यात! आता काय, गेम गेला कारखान्यात, कॅसेटी बनायला."

"नाही गेला अजून," त्सुरुओका गेमची मूळ प्रत असलेली काखेतली पिशवी चाचपत मागून म्हणाले. "नाव राहू दे. जेवलास की राक्षस नरम कर."